कुयलीची लव

फुलांचं कौतुक करणाऱ्या लोकांचा मला राग येतो. सगळ्यांचा नाही, जे नागझिऱ्याच्या रस्त्यावर गाड्या थांबवून फोन काढतात त्यांचा. श्रावणात कळलावी दिसली की गुडघ्यावर बसतात, शिमग्याला पळस फुलला की ओरडतात. आणि दिवाळीच्या आसपास खाजकुइली फुलते तेव्हा पोरांना मागे ओढतात, “ए, हात नको लावू!” अहो, फुलाला हात लावून तर बघा. काही होत नाही.

आमच्या आंबागडकडे तिला नुसतं कुयली म्हणतात. वेल वालासारखाच, तीन-तीन पानांचा. पावसाळा सरता सरता बोर, बांबू, कुंपण, जे सापडेल ते धरून वर चढतो. दसरा गेला की पानांआडून घोस लोंबायला लागतात. रंग पिकल्या जांभळाचा, आतल्या बाजूला जवळजवळ काळा. पाकळ्या जाड, मेणाच्या वाटाव्यात अशा, देठावर पांढुरकी मऊ लव. घोस खाली तोंड करून असतो, दाखवायला बसवलेल्या पोरीसारखा. त्याच्यापाशी बसा, तोडा, केसांत माळा, तो कुणाचं काही वाकडं करत नाही.

मग शेंगा धरतात. दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेल्या, अंगभर सोनेरी तपकिरी मखमल. हिवाळा सरताना शेंग वाळली की ती मखमल सुटते. दिसत नाही, आवाज नाही, कपड्यात कधी शिरली ते कळत नाही. खाजवलं की पसरते, घाम आला की चेव येतो, पाणी ओतलं की आगच. मला हा स्वभाव मनापासून आवडतो. फुलत असताना कुणाला एका शब्दाने बोलायचं नाही आणि वेळ आली की सोडायचं नाही.

माझे बाबा जंगलकामावर होते. बांबू तोडणं, उन्हाळ्यात वणवा अडवायच्या जाळरेषा साफ करणं, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पत्ता तोडणं. माय आणि मी हिरडा, बेहडा, मोहफूल वेचायचो आणि माघात कुयलीच्या बिया काढायचो. औषधवाले व्यापारी त्या घेतात. कामाची रीत ठरलेली. पहाटे जायचं, कारण दंव असेतोवर लव शेंगेला धरून राहते. वारा पाठीवर घ्यायचा. हाताला कोपरापर्यंत शेणकाला फासायचा. कोयत्याने घोस खाली पाडायचे आणि वाळलं गवत पेटवून शेंगा वरवर भाजायच्या. लव चरचर जळून जाते, आतल्या बियांना धक्का लागत नाही. इतकं करूनही थोडी लागायचीच. हातावर पुरळ उठायचं आणि त्याचे काळसर डाग उन्हाळ्यापर्यंत राहायचे. आमच्या गावात अर्ध्या बायकांच्या हातावर ते डाग होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

अशाच एका माघात मला पाहायला साकोलीकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मुलाची आत्या. घर आत्याच्या हातात होतं, हे ती उंबऱ्यातून आत आली तेव्हाच कळलं. भाऊ तिच्या मागून आला आणि ती बसल्यावर बसला. मुलगा दिसायला बरा होता. बोलला काहीच नाही. तेव्हा मला तो लाजाळू वाटला, इतकी मी भोळी.

मी चहा पुढे केला तेव्हा आत्याने माझं मनगट धरलं. बाजारात वांगं उलटसुलट करून पाहतात तसा माझा हात उजेडाकडे फिरवला.

“हे काय वं हातावर?”

“कुयली लागली, बाई,” माय म्हणाली. “बिया काढाले जातो ना आमी. जाते महिन्या-दोन महिन्यात.”

“अच्छा अच्छा,” आत्या म्हणाली आणि तिने पोह्यांची बशी संपवली. दुसरीही मागून घेतली. तिथेच पसंती सांगितली. पंधरवड्यात साक्षगंध झालं, आमच्या अंगणात, सगळ्या गावासमोर. बाबांनी कापूस पिंजून आणला आणि माझ्यासोबत द्यायला एक मोठी, दोघा-तिघांना ऐसपैस पुरेल अशी गादी भरून घेतली. गुलाबी फुलांची खोळ मी स्वतः शिवली. कोपऱ्याला लाल धागा घातला, कारण आमच्या गावात घरोघरच्या गाद्यांना आपापल्या रंगाचा धागा असतो. तो का, ते पुढे येईलच.

होळी झाली आणि मध्यस्थ आला. उन्हातून आला होता, टोपी काढून घाम पुसत बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, “आत्याबाई नाही म्हणते. पोरीच्या अंगाले रोग हाय म्हणते. घरात आणाले भेव वाटते म्हणते.”

मी दाराआड होते. मला वाटलं, आता बाबा उठतील. किमान आवाज तरी चढवतील. कुयली काय असते हे ठाऊक नाही असं घर साकोलीत शोधून सापडायचं नाही! आत्याला भाच्यासाठी दुसरं मोठं स्थळ सांगून आलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पण तसं म्हणायची तिची हिंमत नव्हती, म्हणून तिने माझ्या अंगावर रोग चिकटवला.

बाबा म्हणाले, “बरं.” आणि मग, “उन्हातानाचे आले, चहा घेऊन जा.”

मध्यस्थ गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. “तुमी काहून काही बोलले नाही?”

ते बिडी पेटवत होते. “खाजवलं का फैलते, बाई,” एवढंच म्हणाले.

मी तेव्हा बाबांचाही राग राग केला, आणि आत्याइतकाच केला. न खाजवताही ते फैललंच की! आधी नळावर बायका आपले पाण्याचे गुंड माझ्यापासून सरकवून घ्यायला लागल्या. मग चुलत बहिणीच्या लग्नात मी पुऱ्यांची कणीक मळायला बसले, तर मोठी काकू गोड आवाजात म्हणाली, “राहू दे बाई, तू नको, तू पानं पुस.” मायने मला तुमसरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात पाहिले, हसले आणि सांगितलं की काही नाही. पण डॉक्टरला गावभर फिरवून तर आणता येत नाही. एक स्थळ गावच्या वेशीवरून परत गेलं, पानठेल्यावर कुणीतरी कुजबुजल्यामुळे. दुसरं आलंच नाही. आणि ज्यांच्या हातावर तेच डाग होते, त्याच बायका माझ्याकडे तसं बघायच्या. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस होते तेव्हा, मी आमच्या वाडीमागच्या कुंपणाशी जाऊन बसायची. मंडईला सगळे पाहुणे येतात, दंडारीचा खेळ बघतात, पोरी बघतात. मला कुणासमोर जायचं नव्हतं. तिथे कुयली भरगच्च फुलली होती. मी घोस हातात घेऊन बघत राहायची. भुंगा यायचा, पाकळीत तोंड खुपसायचा, निघून जायचा. फूल तसंच खाली बघत असायचं. एवढ्या देखण्या फुलाच्या पोटात ती शेंग आधीपासून असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्याच मंडईत बातमी आली. साकोलीकडच्या त्या मुलाचं लग्न जमलं, आणि जमलं ते आमच्याच गावात. तळ्याजवळच्या मोठ्या घरात, माझ्यासोबत शाळेत असलेल्या मुलीशी.

लग्न वैशाखात ठरलं. म्हणजे माघ मध्ये पडत होता.

आता त्या लाल धाग्याची गोष्ट. आमच्या गावात कुणाच्याही घरी वरात आली, की शाळेत उतरलेल्या वऱ्हाड्यांच्या जानोशाचं अंथरूण घराघरातून जातं. ज्याच्या घरी लग्न त्याने मागायला यायचं नसतं, आपण होऊन द्यायचं. भांडण असो, अबोला असो, गादी द्यायचीच, कारण पाहुणे एका घराचे नसतात, गावाचे असतात. लग्न उरकलं की धागे बघून ज्याची त्याला परत. लग्नाच्या दिवशी मायने सकाळीच सांगितलं, “जुनी सतरंजी द्या. लय झालं.”

बाबा म्हणाले, “नवी गादी द्या. गावची इज्जत हाय.”

“पोरीच्या लग्नाची हाय ते!” माय ओरडली. “त्याच बाईच्या बुडाखाली देता?”

“तेच द्या,” बाबा म्हणाले आणि अंघोळीला गेले.

वेगळं काही असतं तर मी भांडले असते. त्या दिवशी गप्प राहिले, कारण माघातल्या पहाटेपासून माझ्याकडे एक डबा होता. मायसोबत शेंगा पाडताना काही शेंगा मी भाजायच्या आधी बाजूला काढल्या होत्या. ओल्या शेणाचे हात करून, चाकूच्या मागच्या कडेने त्यांची लव खरवडून, पत्र्याच्या डब्यात बंद केली होती. कशासाठी, हे तेव्हा माझं मलाही नीट ठाऊक नव्हतं. पण गादी जाणार म्हटल्यावर हात आपोआप फळीवर गेला. खोळीचे काही टाके उसवले, तोंडाला पदर बांधला, वारा पाठीवर घेतला आणि डबा आत रिकामा केला. वरून पातळ चादर घातली, लव झिरपेल पण दिसणार नाही अशी, तीही चार टाके मारून पक्की केली. गादी गुंडाळली. शेणाने हात धुतले. मनात एकच गोष्ट होती. ती बाई सगळ्या गावासमोर खाजवताना मला बघायची होती.

बाबांनी गुंडाळी खांद्यावर घेतली आणि शाळेकडे निघाले. हा विचार मी केलाच नव्हता. मला वाटलं होतं, तळ्याकडच्या घरचे गाद्या गोळा करायला बैलगाडी फिरवतील, दरवेळी लग्नघरचे फिरवतात तशी. मी दारातून “बाबा!” म्हणून हाक मारली. ते थांबले नाहीत. मग मीही इतर पोरींसोबत शाळेत चहा-पाणी द्यायला गेले.

वरात दुपारी आली. डीजे, फटाके, वैशाखातलं ऊन. शाळेच्या मोठ्या खोलीत गाद्यांची रांग आणि कोपऱ्यात घरघरणारा एक कूलर. त्या कूलरसमोर, भिंतीला टेकता येईल अशा जागी, आमची गुलाबी गादी पसरलेली. ती तिथे बाबांनीच टाकली होती. दारात उभं राहून ते हात जोडून प्रत्येकाला आत घेत होते. आत्या आली तेव्हा त्यांनी स्वतः पुढे होऊन दाखवलं, “या बाई, इथं बसा. इथं हवा लागते.”

आत्याने बाबांना ओळखलं. क्षणभर चेहरा कसा ठेवावा तिला कळेना. पण गादी नवी होती आणि हवा गार होती. ती बसली, भिंतीला टेकली, पाय लांब केले. गादीच्या मधोमध तिचा भाऊ बसला. त्याने, थोडा ओशाळून असेल, बाबांना म्हटलं, “तुमीपण बसा ना जी.” आणि बाबा बसले! गादीच्या कडेला मांडी घालून, पाठ ताठ ठेवून.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, उठा म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, पाहुण्याईले चहा दे.”

आत्याने कप उचलला, माझ्या तोंडाकडे न बघता. अर्धा चहा झाला असेल. तिने मानेवरून बोट फिरवलं. मग पदराखालून कंबर. मग कप खाली ठेवून दोन्ही हात. पाठ भिंतीवर घासायला लागली. घाम तर आधीच आला होता. जितकं खाजवेल तितकं वर चढत होतं, मानेवर, कानांमागे, पायांच्या पोटऱ्यांवर. भाऊही चुळबुळ करायला लागला आणि उठून मोरीकडे पळाला. तिथून त्याच्या ओरडण्याचा आवाज आला, म्हणजे त्याने अंगावर पाणी ओतलं. आत्याही उठायला निघाली, तर बाबा म्हणाले, “बसा ना बाई, चहा राहिला. अन् गावातल्या बाया तुमाले भेटाले येऊन राहिल्या.”

खरंच येत होत्या. तळ्याकडच्या घरच्या सगळ्या बायका, नळावरच्या, ती काकूसुद्धा, वरमाईचा मान म्हणून आत्याला कुंकू लावायला आल्या होत्या, कारण मुलाला आई नव्हती. त्या दारातच थबकल्या. सोन्याने मढलेली, जरीच्या पातळातली बाई दोन्ही हातांनी अंग ओरबाडत होती. हातांवर लालभडक चट्टे उठले होते.  

तेवढ्यात माझे बाबा बोलले. मध्यस्थासमोर विरोधाचा एक शब्द न काढलेले माझे बाबा. आवाज अगदी हळू, काळजीचा.

“काय झालं, बाई? अंगाले काही रोग-गिन हाय का?”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, पहिल्यांदा. तिला सगळं कळलं, हे मला दिसलं. पण ती काय म्हणणार होती? शेजारी, त्याच गादीवर, बाबा मांडी घालून बसले होते. हात गुडघ्यांवर. एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

“तुमसरले चांगले डॉक्टर हाय,” बाबा म्हणाले. “आमच्या पोरीलेबी दाखवलं होतं. काही निघालं नाही.”

कुंकवाचं ताट धरलेली काकू एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल मी डोळे भरून पाहिलं. बोलून दाखवते, मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका पुढे माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. लग्न वेळेवर लागलं, आत्या मात्र अक्षतांना नव्हती. तिला गाडीत घालून आधीच परत नेलं. नवरी माझी मैत्रीण, तिच्याशी माझं वैर कधीच नव्हतं. तिनेच नंतर फोनवर सांगितलं की आत्या आता उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालते आणि नातेवाइकांत अजून कुणीतरी हळूच विचारतंच, बरं वाटते का आता म्हणून. मी लाखांदूरकडच्या माणसाशी लग्न केलं. त्याला डागांबद्दल आधीच सांगितलं, तर त्याने स्वतःचे दाखवले, त्याची आईही बिया काढायची. नोकरीमुळे आम्ही राहतो साकोलीतच. आत्या बाजारात दिसली की मी मुद्दाम जवळ जाऊन नमस्कार करते. ती रस्ता ओलांडते. माझ्या घरामागच्या कुंपणावर कुयलीचा वेल आहे, शेजारी कुरकुरतात, मी काढत नाही.

पण त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा गादी खांद्यावर घेऊन आले. गाद्या परत करायला तळ्याकडची बैलगाडी निघाली होती, पण त्यांनी आमची गादी तीत टाकू दिली नाही. अंगणात फेकली, मायला म्हणाले, “जाळून टाक.” आणि सदरा काढून ओट्यावर पालथे पडले. पाठ, मांड्या, सगळं सुजलेलं. पण सगळ्यात वाईट खांदा होता. तिथली कातडी सोललेल्या बिटासारखी झाली होती आणि चट्टे मानेपर्यंत गेले होते. एवढं गादीवर बसून होत नाही. गुंडाळीच्या टोकातून निघालेली लव जाताना पूर्ण वाटभर खांद्यावर झिरपत होती.

मी शेणाची पाटी घेऊन आले.  थंड शेण त्यांच्या खांद्यावर थापता थापता विचारलं, “बाबा, तुमाले कधी समजलं?”

“चिंचेपाशी,” ते म्हणाले. चिंच आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला.

“मंग परत काहून नाही आले?”

 मला वाटलं, आता रागावतील. त्यांची पाठ हलायला लागली, तेव्हा मला वाटलं, रडताहेत. वाकून पाहिलं तर ते हसत होते, तोंड हातात लपवून, मायला ऐकू जाऊ नये म्हणून.

“परत येतो म्हटलं,” ते म्हणाले, “पण मंग पाय शाळेकडंच चालून राहिले होते.”